शाईची तारीख

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकू, मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांच्या तब्येती. तुझा खोकला गेला का? तुझ्या आईचा गुडघा काय म्हणतो? तिला म्हणावं, जिने कमी चढ. ऐकायची नाही, पण म्हणावं. जावयांची पाठ आणि धाकटीचे दात, दोन्हींची खबर कळव. इकडे मामीचा रक्तदाब मामीलाच घाबरून असतो, तेव्हा काळजी नाही. माझे कान गिरणीने घेतले ते घेतले. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी भलतंच उत्तर देतो, म्हणून हे पत्र.

राहिली तुझी मावशी. प्रकृती ठणठणीत. फक्त तिला कामावरून काढताहेत.

तिला आणि सूत कातायच्या रिंगखात्यातल्या आणखी दहा जणींना नोटीस आली आहे. लहानपणी मी तुला ते खातं दाखवलं होतं: लांबच लांब यंत्रं, एकेकावर सूत गुंडाळणाऱ्या चारशे चात्या, आणि धागा तुटला की धावत जाऊन जोडणाऱ्या बाया. हल्ली धागे फार तुटताहेत. बाया म्हणतात, हवा कोरडी पडते म्हणून तुटतात. हवा दमट ठेवणाऱ्या फवाऱ्यांची तोंडं क्षाराने बुजली आहेत, ती बदला. साहेब म्हणतात, तुम्ही निष्काळजी. आधी धागे तुटतात, कामाचा ढीग पडतो, मग जीव उकडला की तुम्ही खिडक्या उघडता आणि दमट हवा बाहेर घालवता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आणि पुरावा म्हणून नोटिशीला कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कंपनीचा अहवाल जोडलाय. त्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो: “धागे तुटण्याचे प्रमाण आधी वाढते व दमटपणा नंतर घटतो, याच्या उलट क्रमाला पुरावा आढळत नाही.” हे लिहिणाऱ्या दीडशहाण्याने जन्मात एकदा जरी कापूस हातात धरला असेल, तर मी मिशी काढीन.

गंमत पुढेच आहे. दमटपणाचे आकडे फवाऱ्याच्या खात्यातल्या माझ्याच वहीतले आहेत! गेल्या सहा वर्षांचे घेतलेत. त्यातली पहिली तीन वर्षं माझ्या हातची, पुढची तीन माझ्या जागी आलेल्या फिटरची, आणि त्याला शिकवलाय मीच. माझ्या वहीत खाडाखोड नाही. निवृत्त होताना गिरणीने मला “निर्दोष नोंदींबद्दल” प्रशस्तिपत्र दिलं, ते भिंतीवर आहे. तीच वही मावशीच्या विरोधात साक्ष देईल? अशक्य. आकडे चांगले, त्यांचा अर्थ लावणारा गाढव.

निवृत्तीनंतर मी रद्दीतून संख्याशास्त्राची दोन पुस्तकं आणली होती. सरासरीपर्यंत सुखाने गेलो, पुढे चढ लागला. तू तर त्याच धंद्यात आहेस. बावीस मार्चला चौकशी आहे. या अहवालाचं पितळ उघडं कसं पाडायचं ते सांग.

मावशीची नोकरी आहे, ठकू. तुझ्या पत्राची वाट बघतोय.

तुझा मामा


दि. १२ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

खोकला गेला. आई जिने चढतेच. पाठ बरी आहे, दात चार आले.

तुमचं पत्र वाचलं. ती पद्धत काय असते ते सांगते. दोन गोष्टींच्या रोजच्या नोंदी असतात, इथे धागे आणि हवा. उद्या किती धागे तुटतील याचा अंदाज आधी फक्त धाग्यांच्या जुन्या आकड्यांवरून करायचा. मग त्यात हवेचे जुने आकडे घालून पुन्हा करायचा. दुसरा अंदाज ठळकपणे सुधारला, तर हवा धाग्यांच्या पुढे चालते असं म्हणायचं. मग सगळं उलट करून बघायचं: हवेच्या अंदाजाला धागे मदत करतात का? ज्या बाजूने मदत होते तो पुढचा, दुसरा मागचा. अर्थात पुढे चालणारा मागच्याला ओढत असतोच असं नाही. दोघांना तिसराच कुणी हाकत असेल.

पद्धत जगभर मान्य आहे. ज्याने अहवाल केला त्याने ती नीट वापरली असेल तर अहवाल खोटा म्हणता येणार नाही. मामा, तुम्ही यात फार पडू नये असं मला वाटतं. मावशीसाठी दुसरीकडे काम बघता येईल.

मामींना नमस्कार.

ठकू


दि. १८ फेब्रुवारी

चि. ठकू,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरीला बरं नाहीये. एवढं सरळ पत्र तिने जन्मात लिहिलं नाही.” मी म्हटलं, शहरात कामाचा ताण असतो. तरी खोकला परत आला असेल तर लपवू नकोस.

पद्धत मला पटली, सोप्या शब्दांत सांगितलीस. मी मावशीलाही सांगितली. ती पायावर तेल चोळत होती. म्हणाली, “दादा, कोंबडं आरवतं आणि मग उजाडतं. म्हणजे कोंबड्याने सूर्य काढला का?” मी म्हटलं, भाचीनेही तेच लिहिलंय, पण तिने पुढचा-मागचा असं म्हटलंय. “मग भाचीला सांग,” मावशी म्हणाली, “की आमच्या खात्यातल्या खिडक्यांना सहा वर्षांपूर्वी खिळे ठोकलेत. बाहेरची धूळ सुतावर बसते म्हणून साहेबांनीच ठोकले. मी काय दातांनी खिळे उपटते?”

मला हे माहीत होतं आणि मी विसरलो होतो! काल गेटवरच्या पहारेकऱ्याला विनवून आत गेलो. सव्वीस खिडक्या मोजल्या. सव्वीसही बंद, खिळ्यांवर गंज. रंगाचा थरसुद्धा फुटलेला नाही.

आता सांग. आकडे म्हणतात, धागे आधी तुटतात आणि त्यामुळे हवा कोरडी होते. खिडकी म्हणते, मी सहा वर्षं हललेली नाही. तुटलेला धागा हवा कशी सुकवेल? फुंकर मारून? दोघांपैकी एक खोटं बोलतंय. खिडकी मी हाताने चाचपली. वही तर माझी. मग मधला कारागीरच खोटा.

आणि ठकू, “दुसरीकडे काम बघता येईल” हे वाक्य मी मावशीला वाचून दाखवलं नाही. बावीस वर्षं तिने धागे जोडले आहेत. निष्काळजी म्हणून हाकललेल्या बाईला दुसरी गिरणी दारात उभी करत नाही, हे तुला मी सांगायला हवं? असलं पत्र पुन्हा लिहू नकोस. रागाचं लिही, भांडणाचं लिही, पण लिही लवकर.

मामा


दि. २७ फेब्रुवारी

ती. मामा,

तो दीडशहाणा मी आहे.

आमच्याकडे आकडे आले तेव्हा त्यांवर गिरणीचं नाव नव्हतं, “युनिट चार” एवढंच होतं. धाग्यांची रोजची संख्या आणि हवेचा रोजचा आकडा. मी दोन दिवसांत काम संपवलं. तुमच्या पहिल्या पत्रात ते वाक्य वाचलं आणि माझं मलाच ओळखू आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, वर तुम्हालाच शहाणपण शिकवलं. मावशीला काय तोंड दाखवू ते समजत नाही.

पण खिळ्यांचं वाचल्यावर गप्प बसवेना. गेले आठ दिवस मी तेच आकडे पुन्हा पुन्हा चाळते आहे. सहाही वर्षं वेगवेगळी करून बघितली, उन्हाळा वेगळा काढला, धागे अचानक फार तुटले ते दिवस वगळले. प्रत्येक वेळी उत्तर तेच: धागे पुढे, हवा मागे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला असा योग एकदा येतो, सहा वर्षं रोज येत नाही. काहीतरी आहे, पण ते मला आकड्यांत बसून दिसणार नाही.

एकच गोष्ट खटकते. धागे सगळ्यांत जास्त सोमवारी तुटतात. आणि हवा सगळ्यांत कोरडी मंगळवारी असते, दर आठवड्याला. मामा, मंगळवारी तुमच्याकडे काय असायचं?

तुम्ही शिव्या द्या, पण याचं उत्तर द्या.

ठकू


दि. ५ मार्च

चि. ठकू,

मंगळवारी काही नसायचं. असायचं ते सोमवारी. रविवारी गिरणी बंद, फवारे बंद, भिंतीसुद्धा सुकून जायच्या. सोमवारी सकाळी सहाला आठवड्यातली सगळ्यांत कोरडी हवा. हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन; सोमवारी नाकपुड्या फुटायच्या आमच्या.

तुझं पत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. मामीने दोनदा चहा गरम केला. मग तिला सांगितलं, मग मावशीकडे जाऊन तिला सांगितलं, आता तुला सांगतो.

माझे वस्ताद फवाऱ्याच्या खात्याचे जुने मिस्त्री होते. त्यांच्या आधीचा कारकून आठवडाभर काही न लिहिता शनिवारी बसून सहाच्या सहा दिवसांचे आकडे मनाने ठोकायचा, मागच्या तारखा घालून. वस्तादांनी ते मोडून काढलं. त्यांचा दंडक असा: सकाळी सहाला दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, बघून दमटपणा काढायचा, आकडा खडूने पाटीवर लिहायचा, पाटी दिवसभर भिंतीवर राहील म्हणजे सगळ्यांना दिसेल. दुसऱ्या दिवशी पाटी पुसण्याआधी तो आकडा शाईने वहीत उतरवायचा. आणि तारीख? “ज्या दिवशी शाई, त्या दिवशीची तारीख. मागची तारीख घालतो तो चोर.” पहिल्याच दिवशी त्यांनी हे माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं होतं.

मी चौतीस वर्षं मागची तारीख घातली नाही. सोमवारची हवा मंगळवारी शाईने लिहिली, मंगळवारची तारीख घातली, आणि प्रामाणिक म्हणून छाती काढून फिरलो. फिटरलाही तेच शिकवलं. खात्यात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणाचं अडलं नाही. वही बाहेर तुझ्याकडे गेली, तिथे कुणाला माहीत असणार? तुझ्यापर्यंत माझी हवा पोचली ती वरातीमागून घोडं! धागे त्याच दिवशी मोजलेले, हवा एक दिवस उशिराची. मग धागे पुढे दिसणार नाहीत तर काय.

म्हणजे तू आरशात बघून बरोबर सांगितलंस. आरसाच वाकडा, आणि तो मी टांगलेला. मिशीचं राहू दे, कापूस तू लहानपणी धरला होतास.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, “दादा, चूक तुझी, ठीक. आता ती त्यांच्या पदरात बांधायची कशी, ते बोल.”

मी चौकशीत उभा राहून सांगणार आहे. तू तुझ्याकडे तारीख एक दिवस मागे सरकवून बघ आणि ताबडतोब कळव. तोंड दाखवण्याचं म्हणत होतीस. मावशी म्हणते, तोंड नंतर दाखव, आधी आकडा दाखव.

मामा


दि. ११ मार्च

ती. मामा,

सरकवलं. कामाचा एकेक दिवस मागे नेला, शनिवारची नोंद सोमवारवरून शनिवारवर आणली. सगळं उलटलं. सहाचा आकडा त्या दिवशीच्या कामाच्या आधीचा आहे, म्हणून त्याला आधीचा धरला: हवा घातल्यावर धाग्यांचा अंदाज निम्म्याहून जास्त सुधारतो. आणि धागे हवेच्या अंदाजाला काडीची मदत करत नाहीत. सगळ्यांत कोरडा दिवसही सोमवारी आला.

मी आमच्या वरिष्ठ बाईंना दुरुस्ती दाखवली. त्या म्हणाल्या, “ग्राहकाने अहवाल स्वीकारलाय, विषय संपला. आकडे त्यांनी दिले, चूक त्यांची.” मी म्हटलं, वाक्य आपलं आहे. त्या म्हणाल्या, “तुझं नाव त्यावर नाही, कशाला ओढवून घेतेस?” म्हणून मी आज दुरुस्ती माझ्या नावाने, माझ्या सहीने गिरणीला टपालाने पाठवली. पुढे काय होईल ते होवो.

पण मामा, दोन गोष्टी नीट ऐका. एक: तुम्ही उभे राहिलात की ते म्हणतील, चौतीस वर्षांच्या नोंदी चुकीच्या होत्या असं तुम्हीच कबूल करता. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र ते तुमच्याच डोक्यात घालतील. दोन: ते म्हणतील, बहिणीला वाचवायला मामाने आता तारीख सरकवली आणि भाचीने हवं ते उत्तर काढलं. आणि खरं सांगू? त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. उत्तर बघून मग आकडे हलवणं ही वाईट सवय आहे, हेतू चांगला असला तरी.

यावर इलाज एकच. झालेल्या दिवसांवर भांडू नका, न झालेल्या दिवसांवर भांडा. रोज सकाळी सहाला हवा बघून, काम सुरू होण्याआधी, आज किती धागे तुटतील ते सगळ्यांसमोर लिहून ठेवा. दोन आकडे लिहायचे. डावा फक्त कालच्या धाग्यांवरून, उजवा कालचे धागे आणि आजची हवा मिळून. उजव्याचा तक्ता सोबत जोडलाय, बेरीज-वजाबाकीत येतो. संध्याकाळी धागे मोजतो गिरणीचाच माणूस, त्यात आपला हात नाही. उजवा रोज जवळ येत गेला, तर कोण कुणाच्या पुढे चालतं हे सांगायला माझीही गरज नाही आणि तुमच्या वहीचीही.

तीसेक दिवस तरी हवेत. चौकशी पुढे ढकलून घ्या.

ठकू


दि. २३ मार्च

चि. ठकू,

काल, सुट्टीच्या रविवारी, चौकशी झाली. टेबलामागे चौकशी करायला बाहेरून आणलेले वकीलसाहेब, शेजारी आपले उत्पादनाचे साहेब, समोर बाकावर अकरा जणी आणि टोकाला मी. कान दगा देतील म्हणून मावशी शेजारी बसून माझ्या कानात ओरडत होती. त्यामुळे जे मला ऐकू गेलं ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

मी सांगितलं, वहीतली तारीख शाईची आहे, हवेची नाही. वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे तुम्ही इतकी वर्षं चुकीच्या तारखा घालत होता?”

“होय.”

“आणि आज, बहिणीला नोटीस आल्यावर, तुम्हाला ते आठवलं?”

“होय. भाचीने विचारलं तेव्हा.”

ते हसले. “मग तुमच्या नोंदींवर विश्वास का ठेवायचा?”

मी म्हटलं, “ठेवू नका. पण मग त्याच नोंदींवर काढलेल्या या नोटिशीवर तरी तुमचा विश्वास कसा?”

साहेब म्हणाले, “तुमचं प्रशस्तिपत्र रद्द करावं लागेल.” मी ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. सकाळीच भिंतीवरून उतरवलं होतं. मागे चौकोनी पांढरा डाग राहिलाय, मामी म्हणते तिथे कॅलेंडर लावू. साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. ते उगाच काचेवरची धूळ पुसत बसले.

तुझी दुरुस्तीही पोचली होती. वकीलसाहेबांनी ती “कंपनीची अधिकृत नाही” म्हणून बाजूला सारली. तेव्हा मावशी उठली. म्हणाली, “कागद बाजूला ठेवा, साहेब. उद्यापासून आम्ही रोज सकाळी सांगू, आज किती तुटतील. चुकलो तर आम्हाला काढा, मी स्वतः सही करून जाते. तुमच्यात कुणी सांगणारा असेल तर त्यालाही उभा करा.” मागच्या दहा जणींनी बाक वाजवला. वकीलसाहेबांना बहुधा मौज वाटली. दीड महिन्याची मुदत मिळाली; तोवर कामावर राहायचं.

आज सकाळी पहिला आकडा लिहिला. रिंगखात्याच्या लोखंडी दारावर, खडूने. एका यंत्राचा: डावा एकशे साठ, उजवा दोनशे पंचेचाळीस. मुकादम म्हणाला, “ताई, एवढे? शुभ बोला की.” संध्याकाळी मोजले, दोनशे बत्तीस.

तुझं पुढे काय झालं ते लपवू नकोस. लिही.

मामा


दि. ६ एप्रिल

ती. मामा,

मला कामावरून काढलं. कारण असं दिलं की मी ग्राहकाशी परस्पर पत्रव्यवहार केला. केला, खोटं नाही. आईने आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाली, “माझ्या भावाचीच भाची.” तुमचे जावई पाठ दुखत असूनही धाकटीला घेऊन बसतात, म्हणजे माझ्याच बाजूने आहेत. एका शाळेत गणिताच्या जागेसाठी विचारलंय.

दार पुसलं जातंय असं मावशीने कळवलं. पुसू द्या, परत लिहा, आणि एका कागदावरही उतरवा, अकरांपैकी दोघींच्या सहीने. आणि कृपा करून ज्या दिवशी चुकाल तो दिवस खोडू नका. चुकलेला दिवस नसलेली यादी कुणी खरी मानत नाही.

तारीख त्याच दिवशीची घाला!

ठकू


दि. ९ मे

चि. ठकू, अनेक आशीर्वाद.

शाळेची जागा मिळाली हे तुझ्या आईच्या पत्रातून कळलं. मुलांना सरासरीच्या पुढचा चढ नीट चढव, आमच्यासारखे अर्ध्यावर बसतात.

आता इकडचं सविस्तर. पहिल्या आठवड्यात रोज दुपारी कुणीतरी दार पुसायचं. बाया रोज सकाळी लिहायच्या. मग खडू गायब व्हायला लागले. त्यांनी विटेच्या तुकड्याने लिहिलं. दहाव्या दिवसापासून पुसणं थांबलं, कारण दुसऱ्या खात्यातले लोक कामावर येताना वाट वाकडी करून आकडा बघायला येत होते. पैजा लागायच्या. मुकादम उजव्यावर लावायचा.

चौकशीपर्यंत, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळून, चौतीस दिवस झाले. डावा आकडा सरासरी बावन्न धाग्यांनी चुकला, उजवा सतराने. एकवीस एप्रिलला मात्र आम्ही तोंडावर आपटलो: उजव्याने एकशे चाळीस सांगितले आणि तुटले तीनशे. नव्या कापसाच्या गाठी निकृष्ट निघाल्या होत्या. तू सांगितलंस म्हणून खोडलं नाही. मावशीने त्या आकड्याभोवती गोल काढून ठेवला.

पण खरी गोष्ट निराळीच घडली. उत्पादनाचे साहेब रोज सव्वासहाला रिंगखात्यावरून चक्कर मारू लागले. दाराकडे बघायचे नाहीत, दाराजवळ उभे राहून छताकडे बघायचे. बाया हसायच्या, “साहेबांचं पाल शोधणं चाललंय.” मग एक दिवस मुकादमाला त्यांची चिठ्ठी आली. मुकादमाचा चष्मा घरी राहिलेला. तो बिचारा चिठ्ठी घेऊन थेट मावशीकडे आला, “ताई, बघा हो काय लिहिलंय.” लिहिलं होतं: “दारावरचा उजवा आकडा दोनशेच्या वर असेल त्या दिवशी बारीक सूत चढवू नये.” खाली सही. बारीक सूत कोरड्या हवेत आधी तुटतं, म्हणून.

मावशीने ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाली, “मुकादम, ही मला द्याल?” तो म्हणाला, “मला तर वाचता आली नाही, मी काय करू तिचं?” त्या माणसाला आता मी रोज रामराम घालतो.

सहा मेला दुसरी चौकशी झाली. वकीलसाहेबांनी आमची यादी बघितली, गोल काढलेला दिवस बघितला आणि मान हलवली. साहेब म्हणाले, हे सगळे योगायोग, कामगारांच्या अंदाजाला शास्त्रीय आधार नाही. मग मावशीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. “साहेब, आमच्या आकड्यावर तुम्ही सूत थांबवता. सकाळी सहाला तुम्हाला कळतं की आज हवा धागे तोडणार. आणि संध्याकाळी म्हणता, बायांनी तोडले. दिवसभरात कुठे बदललं हे?”

साहेबांना घाम फुटला. खिडक्या बंद होत्या ना.

वकीलसाहेबांनी नोटिसा मागे घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कागद आला: “अकरा महिला कामगारांना सहानुभूतीपूर्वक माफ करण्यात येत आहे. पोच म्हणून सही करावी.” मला वाटलं, झालं, जिंकलो. मीच पेन पुढे केलं. मावशीने ते माझ्या हातातून घेतलं आणि टोपण लावलं.

“माफ कशाबद्दल, दादा? मी काय केलं होतं?”

मी म्हटलं, “अगं, नोकरी राहिली ना. शब्दांचं काय घेऊन बसलीस?”

“तुझ्या एका तारखेने अकरा घरं टांगली. आता मला म्हणतोस, लिहिलेल्याचं काय?”

अकरा जणींनी कागद सहीविनाच परत पाठवला. साहेबांनी निरोप धाडला, शनिवारपर्यंत सही नाही तर नोटिसा कायम. बायांनी आपला कागद लिहिला. तीन ओळी: हवा कोरडी होती. फवारे बुजले होते. आमचा दोष नव्हता. खाली अकरा सह्या. मुकादमालाही करायची होती; त्याला म्हणाल्या, तुम्ही साक्षीदार, तुमची वेगळी.

आज शनिवार. दुपारी साहेब स्वतः खात्यात आले, यंत्रं चालू असताना. बाया धागे जोडत राहिल्या, एकीनेही मान वर केली नाही. त्यांनी मावशीच्या यंत्रापाशी कागद धरला. “माफ” शब्द खोडलेला, वर हाताने लिहिलेलं: “नोटिसा चुकीच्या होत्या, रद्द.” फवाऱ्यांबद्दल एक अक्षर नाही.

मावशीने वाचलं, हात पुसले, सही केली. मग म्हणाली, “हे अर्धं आलं, साहेब. उरलेलं अर्धं आम्ही दारावर मागत राहू.” आजच त्यांनी दोन आकड्यांखाली तिसरी ओळ लिहिली, आता रोज लिहिणार: फवारे अजून बदललेले नाहीत. पुसायला कुणी आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. नदीपलीकडच्या गिरणीतल्या दोघी बाया काल मावशीकडे आल्या होत्या. त्यांच्याकडेही धागे तुटताहेत, तिथेही सात जणींना नोटिसा आहेत. पण त्यांच्याकडे हवेची वही नाहीच, चांगली नाही आणि माझ्यासारखी वाकडीही नाही. तापमापक मी देतो, फडकं मामी देते. पण काही नसताना पहिल्या दिवसाचा उजवा आकडा कशावरून काढायचा? त्यांची चौकशी पाच जूनला आहे. अठरा तारखेला, सोमवारी सकाळी सहाला मी त्यांच्या दाराशी उभा असेन. तोवर उत्तर पोचेल असं, उलट टपाली लिही.

तुझा मामा